एकशे चौदा फायली

२ फेब्रुवारी, सकाळी १०.२०

आजपासून रोजनिशी. याआधी तीनदा सुरू करून सोडली, पण ती वर्षंच रोजनिशीच्या लायकीची नव्हती. या वर्षी काहीतरी घडणार असं आतून वाटतंय.

ऑफिसात शिरताच शिसारी. साखरेच्या डब्यात कोणीतरी ओला चमचा घातलाय, साखरेचे खडे झालेत. शेजारचा टेस्टर टेबलाशी बसून नखं कापतो. एक नख उडून माझ्या कीबोर्डवर आलं. हा माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात नाहीने करतो. मी त्याला मनातल्या मनात नकारघंटा म्हणतो.

दुपारी १२.४०

मीटिंग झाली. अकरा वर्षं आपण बेकरीच्या भट्ट्यांचं सॉफ्टवेअर बनवतोय. भट्टीला एक डबा जोडलेला असतो, त्यात ते चालतं, आच कमीजास्त करतं. इतकी वर्षं डबा एकच होता. आता साहेबांनी नवा डबा आणलाय. त्यातली चिप वेगळी. शिवाय बेकरीच्या ऑफिसातल्या साध्या कॉम्प्युटरवरही तेच चाललं पाहिजे म्हणे. म्हणजे सॉफ्टवेअर एक आणि बिल्ड तीन, प्रत्येक यंत्रासाठी त्याची वेगळी बांधणी. या कामासाठी नवा विभाग निघणार. १६ मार्चला प्रमुख जाहीर होणार. प्रमुखाला काचेची केबिन.

साहेब हे बोलले तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ माझ्या डोक्यावर आहे, तो भाग वेगळा.

संकल्प: केबिन.

संध्याकाळी ७.३०

बायकोला सांगितलं की झालंच समज. तिने लगेच माहेरी फोन केला. सासरे म्हणाले म्हणे, की जाहीर झालं की कळवा. गेल्या बारा वर्षांत या गृहस्थांनी माझ्याबद्दल एक बरा शब्द काढलेला नाही. १६ मार्चला पहिला फोन त्यांनाच करणार.

पोरीने विचारलं की यात एवढं अवघड काय आहे. तिला समजावलं. आपला प्रोग्रॅम एकटा चालत नाही. त्याला दुसऱ्यांनी बनवून ठेवलेले तयार तुकडे लागतात, त्यांना लायब्ऱ्या म्हणतात. आपल्याला एकशे चौदा लागतात. त्या कुठल्या फोल्डरात आहेत हे बिल्डला सांगायचं, तो पाथ. आणि प्रत्येक चिपला तोच तुकडा वेगळ्या घडणीचा लागतो, नाव मात्र तेच.

बायको औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. ती म्हणाली की आमच्याकडेही तसंच, नाव एक पण मोठ्यांची गोळी वेगळी, लहानांची वेगळी, म्हणून आम्ही खण वेगळे ठेवतो. मी हसलो. गोळ्या विकणं आणि हे यात फरक आहे, असं मनात आलं. बोललो नाही. जेवण वाढायचं बाकी होतं.

४ फेब्रुवारी

आपली बिल्डची फाईल उघडली. वीट आला. नऊशे ओळी, सगळीकडे पाथच पाथ. एकाच फोल्डरचा पाथ सहा ठिकाणी, सहा तऱ्हेने. एका ओळीपुढे लिहिलंय: तात्पुरतं, उद्या काढतो. त्याला सहा वर्षं झाली. कोणी लिहिली असेल ही घाण? असली माणसं पगार कसा घेतात?

दुपारी ३

मीच लिहिली होती. पण तेव्हा माझी दाढ दुखत होती.

५ फेब्रुवारी

साहेबांनी नव्या बाईंना माझ्या हाताखाली दिलंय. वय बावन्न. एकोणीस वर्षं घरी होत्या, सासूबाईंचं आजारपण काढलं, आता पुन्हा नोकरी. तोंडावर मॅडम म्हणतो, इथे काकूच लिहिणार. मला त्या सर म्हणतात. एवढं एक बरं आहे.

काकूंची कामाची पद्धत बघून डोकं फिरलं. रोज सकाळी आल्या की आदल्या दिवशीचं सगळं बिल्ड पुसून टाकतात आणि पहिल्यापासून करतात. पन्नास मिनिटं लागतात. आपण सगळे पुसत नाही, बदललेलं तेवढंच नव्याने होतं, चार मिनिटांत काम उरकतं. मी विचारलं की हे काय. म्हणाल्या, कालचं काय उरलंय आणि आजचं काय झालंय ते कळत नाही हो सर, म्हणून. पन्नास मिनिटं वहीत काहीतरी लिहीत बसतात. पेन्सिलीने.

उंटावरचा शहाणा ऐकला होता. आमच्याकडे पेन्सिलवाली आलीये.

९ फेब्रुवारी, सकाळी ११.१५

सुचलं!!

दात घासताना सुचलं. भानगड काय आहे? तीन चिपांचे तीन फोल्डर, म्हणून पाथचा गुंता. मग तीन फोल्डर हवेतच कशाला? सगळ्या लायब्ऱ्या एकाच फोल्डरात. पाथ एक, ओळ एक. इतकं सोपं आजवर कोणाला सुचलं नाही याचं मला नवल वाटत नाही. मी या लोकांबरोबर अकरा वर्षं काढली आहेत.

फोल्डरला नाव दिलं: एकी.

दुपारी १.०५

आधी जुन्या डब्याच्या लायब्ऱ्या टाकल्या. मग साध्या कॉम्प्युटरच्या. मग नव्या डब्याच्या. मधे मधे कॉम्प्युटर विचारत होता की आहे त्यावर लिहू का. हो, हो, हो. शेवटी सगळ्यालाच हो सांगून चहाला गेलो.

परत येऊन मोजलं. तिन्ही फोल्डर एकत्र केले तरी फायली एकशे चौदाच! म्हणजे बघा, दोन तृतीयांश निव्वळ कचरा होता. इतकी वर्षं आपण तिप्पट ओझं वाहत होतो.

आज मन प्रसन्न आहे. साखरेच्या डब्याकडे पाहूनही काही वाटलं नाही.

१० फेब्रुवारी

नव्या डब्याचं बिल्ड: एका फटक्यात पास.

जुन्या डब्याचं बिल्ड: कॉम्प्युटर म्हणाला, करण्यासारखं काही नाही, सगळं आधीच तयार आहे. चार सेकंदांत! साध्या कॉम्प्युटरचंही तसंच.

जिथे करण्यासारखं काही उरतच नाही, तिथे कामाची उंची कळते. साहेबांना मेल केला. विषय: यश.

१२ फेब्रुवारी

सगळ्यांना लेखी सूचना दिली. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर एक छोटी फाईल असते, कॉम्प्युटर चालू झाला की ती आधी वाचली जाते. तिच्यात एक ओळ घालायची: काहीही शोधायचं तर आधी एकीत शोध. माझ्या स्वतःच्या फाईलमध्ये चाळीस ओळी आहेत, वर्षानुवर्षं जमवलेल्या. ही एकेचाळिसावी.

सगळ्यांनी घातली. काकूंनी नाही. म्हणाल्या की आपल्या एकट्याच्या कॉम्प्युटरवर काही लिहून ठेवलं तर बिल्ड कशामुळे झालं ते दुसऱ्याला कसं कळणार. मी म्हणालो की मॅडम, विश्वास नावाची गोष्ट असते.

१३ फेब्रुवारी

काकूंनी सकाळी नेहमीप्रमाणे सगळं पुसलं. मग त्यांनीही मुद्दाम एकी वापरून जुन्या डब्याचं बिल्ड केलं. फेल. लायब्ररी चुकीच्या चिपची आहे, असा संदेश आला म्हणे.

मी उठून सगळ्यांना विचारलं की तुमचं झालं का. सगळ्यांचं चार सेकंदांत झालेलं. म्हणजे अकरा जणांचं होतं आणि एकट्या काकूंचं होत नाही. दोष कोणात आहे हे शाळेतलं पोरही सांगेल. त्यांना समजावलं की पुसू नका. पुसता म्हणून होतं हे. त्यांनी वहीत लिहून घेतलं. म्हणजे काहीतरी लिहिलं.

नकारघंटा म्हणाला की नाही, पण बाईंचं बरोबर असलं तर? त्याच्या तोंडाला वास येतो.

२० फेब्रुवारी

मीटिंगमध्ये मी एकी सादर केली. पडद्यावर मोठ्या अक्षरात एकशे चौदा. साहेब मान हलवत होते. सगळं सुरळीत चाललेलं असताना काकूंनी हात वर केला. म्हणाल्या की सर, एका फोल्डरात एकशे चौदा, असे तीन, मग एकत्र केल्यावर तीनशे बेचाळीस व्हायला हव्यात ना?

मी म्हणालो की दूध आटवलं की कमीच होतं.

दोनतीन जण हसले. काकू हसल्या नाहीत. माझ्याकडे पाहत राहिल्या, आपण आजारी माणसाकडे बघतो तसं. साहेबांनी घड्याळ बघितलं, म्हणजे माझ्या डोक्यावर बघितलं, आणि मीटिंग संपवली.

बाहेर आल्यावर मला हातापायांत जरा गार वाटलं. एसी फार ठेवतात.

२१ फेब्रुवारी

बायकोला सहज विचारलं. सहजच. एकाच नावाच्या तीन बाटल्या एका खणात, एका जागी ठेवल्या तर काय होईल? ती म्हणाली की मावणार नाहीत, एक ठेवायची तर आधीची काढावी लागेल. मग म्हणाली, का हो?

काही नाही म्हणालो. बाटल्या आणि फायली यात फरक आहे.

२५ फेब्रुवारी

उद्या पहिली खरी परीक्षा. शहराबाहेरच्या मोठ्या बेकरीत चार भट्ट्या आहेत, चारही जुन्या डब्याच्या. तिथे नवं सॉफ्टवेअर बसवायचंय. साहेब म्हणाले की काकूंना बरोबर न्या. मी म्हणालो की गरज नाही. एका पेनड्राईव्हला दोन माणसं लागत नाहीत. त्यावर आधीच तयार असलेला प्रोग्रॅम आणि एकीतल्या लायब्ऱ्या घेतल्या.

काकूंनी निघताना विचारलं की सर, पुसून केलंय का. उत्तर दिलं नाही. प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायला लागलं तर माणूस काम कधी करणार.

२६ फेब्रुवारी, सकाळी ९.५०

बेकरी. जिकडेतिकडे पीठ. नाकात पीठ, चपलेत पीठ, चष्म्यावर पीठ. मालकीणबाई म्हणाल्या की सहाशे पावांचं पीठ फुगतंय, अर्ध्या तासात भट्टीत गेलं पाहिजे, एका शाळेची मोठी ऑर्डर आहे, तर आधी एकच भट्टी करून बघू या का. मी म्हणालो की चारही एकदम करतो, काळजी सोडा.

१०.१०

चारही डबे बंद. पडद्यावर काही नाही. एक लाल दिवा लुकलुकतोय.

१०.२५

बंद करून चालू केले. लाल दिवा. वीज कमी येत असावी.

१०.४०

पीठ टोपांच्या काठावरून बाहेर येतंय. मालकीणबाई हाताने ते परत आत ढकलतायत.

दुपारी ३, बसमध्ये

सगळं लिहितो.

जुनं सॉफ्टवेअर परत बसवायचं तर ते मी आणलेलंच नव्हतं. शेवटी ऑफिसात फोन केला. काकूंनी उचलला. म्हणाल्या की डब्याला कॉम्प्युटर जोडा आणि पहिली ओळ तेवढी वाचून दाखवा. वाचली. प्रोग्रॅम जुन्या डब्याचा, लायब्ऱ्या नव्या डब्याच्या, म्हणून सुरू होत नाही, असा अर्थ होता. काकू म्हणाल्या की मी तिन्हींचं वेगळं बिल्ड करून ठेवलंय, इंटरनेटवरून पाठवते, दहा मिनिटं द्या. आठ मिनिटांत आलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी चारही भट्ट्या सुरू.

पण पीठ बसलं होतं. सहाशे पावांचं. आंबूस वास सुटला. ते टोपांतून खरवडून काढावं लागलं. दोन बायका काढत होत्या, मी उभा होतो, मग मीही बाह्या वर केल्या. कोपरापर्यंत हात चिकट. मालकीणबाई म्हणाल्या की राहू द्या, तुमचा शर्ट खराब होईल. मग त्यांनी शाळेत फोन केला आणि आज पाव येणार नाही असं सांगितलं. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. त्या फक्त हो, हो म्हणत होत्या.

लाज वाटली. हे इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचणार नाहीये. अजून बोटांच्या बेचक्यांत पीठ आहे, वाळून कडक झालंय, आणि स्वतःच्या हातांकडे बघवत नाही.

संध्याकाळी ६

जेवढा विचार करतो तेवढं स्पष्ट होतंय की मी वेळेवर फोन केला म्हणून भट्ट्या वाचल्या. दुसरा कोणी असता तर संकोचाने केला नसता.

२८ फेब्रुवारी

ठीक आहे. एकीत नावं सारखी असल्यामुळे फायली एकमेकींवर बसल्या. जी शेवटी टाकली तीच उरली. हे मी दूध आटवण्याच्या वेळीच ओळखलं होतं, फक्त शब्द सापडत नव्हते.

उपायही सापडला. नावं वेगळी करायची. प्रत्येक फायलीच्या नावापुढे चिपचं नाव जोडायचं. एकी कायम, भांडण मिटलं. मूळ तिन्ही फोल्डरांतल्या मिळून तीनशे बेचाळीस फायली आहेत. हाताने करणार. शनिवार-रविवार आहेच. बायकोला बाहेर जायचं होतं, पण १६ मार्च तिलाही हवाय.

१ मार्च, दुपारी ४.४५

तीनशे बेचाळीस. झाल्या. डोळ्यांची आग. अंगठा दुखतोय. एकशे नव्वदच्या आसपास पोरगी येऊन बसली. म्हणाली की बाबा, कॉम्प्युटर हे आपलं आपण करू शकत नाही का? तिच्या वयाच्या मुलांना कष्टाचा तिटकाराच आहे.

२ मार्च

बिल्डला एकही फाईल सापडत नाही.

एकही नाही. बिल्ड जुन्याच नावांनी शोधतंय. एकशे चौदा वेळा सापडली नाही, सापडली नाही, सापडली नाही. पूर्वी चुकीच्या तरी सापडत होत्या.

आणि हे फक्त माझं नाही. १२ तारखेच्या माझ्या सूचनेमुळे सगळ्यांचे कॉम्प्युटर आधी एकीत शोधतात. ऑफिसात अकरा माणसं हातावर हात ठेवून बसली. नकारघंटेने चारदा नखं कापली, म्हणजे नखं उरली तरी कशी? काकूंचं काम तेवढं चालू होतं. दुपारी साहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले. कपात चमचा फिरवत होते आणि त्या ओल्या चमच्याला साखरेच्या डब्यातले खडे चिकटले होते. म्हणजे तो चमचा साहेबांचा.

आता मला कशाचंच काही वाटेनासं झालंय.

४ मार्च

फायली एकीतून बाहेर काढून नावं परत पहिल्यासारखी केली. तीनशे बेचाळीस. हाताने. मधे कुठेतरी दोन फायलींना माझ्या पोरीचं नाव दिलं गेलं, ते कसं ते कळत नाही.

५ मार्च

काकूंनी आपलं काम दाखवलं. साहेबांनीच दाखवायला लावलं.

तीन चिपांचे तीन फोल्डर, वेगवेगळे. बिल्ड सुरू होताना एकच प्रश्न: कुठल्या यंत्रासाठी? उत्तर मिळालं की त्याच फोल्डरात शोधायचं. तिथे नसलं तर थांबायचं, शेजारी जाऊन डोकवायचं नाही. माझ्या नऊशे ओळींच्या जागी अकरा ओळी. अकरा! मी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. याला काम म्हणतात? यापेक्षा जास्त ओळी मी सुट्टीच्या अर्जात लिहितो.

साहेबांनी विचारलं की हे कुठून सुचलं. काकू म्हणाल्या की सासूबाईंची औषधं, सकाळची, दुपारची, रात्रीची, तीन डब्यांत ठेवायचे एकोणीस वर्षं, एकदाही चूक होऊन चालणार नव्हतं.

मला बायकोचे खण आठवले आणि खूप राग आला. कोणाचा ते कळलं नाही.

९ मार्च

शांतपणे विचार केला. घाबरण्यासारखं काही नाही. अकरा ओळी कोणीही लिहील, विभाग चालवायला अनुभव लागतो. चुका कोणी केल्या? मी. म्हणजे सगळ्या चुका कोणाला माहीत आहेत? मला. साहेबांना हे कळत असणारच.

आभाराचं भाषण लिहिलं. दीड पान. काकूंचा उल्लेख दोनदा, मोठ्या मनाने. केबिनमध्ये खुर्ची कुठल्या बाजूला ठेवायची ते ठरवलं. दाराकडे पाठ नको.

१५ मार्च

नवा शर्ट इस्त्री केला. बायकोने दुकानात सगळ्यांना सांगून ठेवलंय. तिच्या मालकांनी माझं अभिनंदन कळवलं. जाहीर होण्याआधीच अभिनंदन. लोकांना कळतं.

१६ मार्च, दुपारी १२.३०

काकू.

१६ मार्च, दुपारी ४

टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या म्हणून. भाषण खिशात होतं, घामाने ओलं झालं. काकू बोलायला उठल्या आणि म्हणाल्या की सरांनी मला शिकवलं. त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. त्या खरंच तसं म्हणाल्या. मग म्हणाल्या की मला केबिन नको, मला सगळ्यांमध्ये बसायची सवय आहे. साहेबांनी केबिनमध्ये साखर, चहा आणि कागदांचे गठ्ठे ठेवायचं ठरवलं.

संध्याकाळी ८

बायकोला सांगितलं की निवड पुढे ढकलली. तिने माझ्या ताटात जरा जास्त वाढलं, त्यावरून समजलं की तिला समजलंय. सासऱ्यांचा फोन आला. मी अंघोळीला गेलोय असं तिने सांगितलं. मी समोरच बसलो होतो.

राजीनामा देणार. उद्या.

१७ मार्च

उद्या.

१८ मार्च

आज सगळ्यांनी काकूंच्या पद्धतीने बिल्ड केलं. सगळं पुसून, पहिल्यापासून. पन्नास मिनिटं सगळं ऑफिस शांत. बारा जणांपैकी अकरा जणांचं पास. तिन्ही यंत्रांचं.

फक्त माझं फेल. मी म्हणालो की बघा, म्हणजे पद्धतीत दोष आहे.

काकू खुर्ची घेऊन माझ्याशेजारी बसल्या. माझी ती सुरुवातीची फाईल उघडायला लावली, एकेचाळीस ओळींची. बाकीच्यांनी एकीची ओळ कधीच काढली होती, माझी तशीच होती. पण बाकीच्या चाळीसही काही ना काही अडवत होत्या. काकूंनी एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलं की सर, ही कशासाठी? पहिली कशासाठी ते मला सांगता येईना. दुसरीही नाही. सातवी एका प्रिंटरसाठी होती, तो प्रिंटर भंगारात गेला. बाराव्या ओळीत ज्या फोल्डरचा पाथ होता तो फोल्डर जगात कुठेच नाही. विसाव्या ओळीवर त्यांनी विचारणं थांबवलं. मला वाईट वाटू नये म्हणून थांबवलं, हे मला कळलं.

पुसू का, म्हणाल्या. मी म्हणालो नको.

अकरा वर्षं आहेत हो त्यात. असं मोठ्याने म्हणालो की काय, कळत नाही. त्या म्हणाल्या की बरं, राहू दे.

२३ मार्च

साहेबांनी बोलावलं. राजीनाम्याचा कागद खिशात ठेवून गेलो. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि नवी जबाबदारी दिली!

काकूंची सूचना म्हणे. साहेब म्हणाले की ग्राहकांचे कॉम्प्युटर कसेही असतात, कोणी काय काय भरून ठेवलेलं असतं. आपलं बिल्ड त्या सगळ्यातून तगलं पाहिजे. त्यासाठी एक असं मशीन हवं, ज्याच्यापेक्षा वाईट मशीन कुठल्याही बेकरीत सापडणार नाही. आम्ही बराच विचार केला, म्हणाले, पण फार शोधावं लागलं नाही. यापुढे प्रत्येक नवं बिल्ड तुमच्या मशीनवर पास झाल्याशिवाय बाहेर जाणार नाही.

म्हणजे शेवटचा शब्द माझा! मी विचारलं की मी नेमकं काय करायचं. साहेब म्हणाले की कशालाही हात लावायचा नाही. आहे तसं ठेवायचं. एक ओळही सुधारायची नाही, तीच अट आहे.

हुद्दा काय, विचारलं. साहेब म्हणाले की तो विचार केलेला नाही.

राजीनामा फाडला. पाठीमागची बाजू कोरी होती, ती ठेवली.

२७ मार्च, संध्याकाळी ५.५०

काकूंनी बिल्डमध्ये आणखी दोन ओळी घातल्या. बाहेर कोणी काहीही लिहून ठेवलं असलं तरी बिल्ड आता त्याकडे बघत नाही. सकाळी माझ्या मशीनवर सुरू केलं. मी हात मांडीवर ठेवून बसलो. दहा मिनिटांनी बोटं शिवशिवायला लागली, तेव्हा हात मांडीखाली घेतले. पन्नास मिनिटं तसाच बसलो.

तिन्ही पास. नकारघंटा आला, पडद्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हो म्हणाला. दुपारी ते बिल्ड शहराबाहेरच्या बेकरीत गेलं. नेणाऱ्याने फोन करून सांगितलं की चारही भट्ट्या चालू, शाळेचे सहाशे पाव गेले.

घरी आलो. बायकोने विचारलं की कसा गेला दिवस. म्हणालो, तिन्ही पास झाले. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद दिसला की मी आत जाऊन हातपाय धुऊ लागलो. बाहेर ती सासऱ्यांना फोनवर सांगत होती की यांनी केलं, तिन्ही केलं.

मी काहीच केलं नव्हतं. म्हणूनच झालं.